भूत शोधायचं किट: ठाणे-नवी मुंबईत मागवण्याआधी हे वाचा

फोमच्या खाचांत बसवलेल्या वस्तू: पाच दिव्यांचा ईएमएफ (विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा) मीटर, पिस्तुलाच्या आकाराचा इन्फ्रारेड थर्मामीटर, एफएमची स्टेशनं झपाट्याने फिरवणारा ‘स्पिरिट बॉक्स’, धक्का लागला की लुकलुकणारे दोन चेंडू आणि एक व्हॉइस रेकॉर्डर. ऑनलाइन ‘घोस्ट हंटिंग किट’ म्हणून विकतात ते साधारण एवढंच. डब्यावरचं नाव बदलतं, आतला माल बहुतेक त्याच घडणीचा असतो, म्हणून इथे कुणा एका विक्रेत्याचं नाव घेतलेलं नाही. रात्री किल्ल्यांकडे फिरायला निघणारी पोरं, व्हिडिओ करणारे आणि ‘घरात काहीतरी आहे’ म्हणून हैराण झालेली कुटुंबं, असे तिन्ही प्रकारचे लोक हे किट मागवतात. हे परीक्षण जास्त करून तिसऱ्यांसाठी आहे. त्यांची झोप खरोखर उडालेली असते, आणि नको त्या वेळी लाल दिवा पेटला की मनातली शंका पक्की होऊन बसते.

निकाल आधीच सांगतो. मीटर आणि थर्मामीटर कामाचे आहेत, मात्र जाहिरातीत सांगतात त्या कामासाठी नाहीत. रेकॉर्डर चालतो, पण फोनही तेच करतो. चेंडू हे मांजरांचं खेळणं आहे. स्पिरिट बॉक्सवर पैसे घालू नका.

सगळ्यात जास्त गैरसमज मीटरबद्दल आहेत, म्हणून त्याचं सविस्तर. आत एक छोटी कॉइल, थोडं सर्किट आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. ३० ते २०,००० हर्ट्झ या टप्प्यातलं बदलतं चुंबकीय क्षेत्र तो पकडतो. नुसता पहिला हिरवा दिवा असेल तर क्षेत्र १.५ मिलिगॉसच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आत, दुसरा लागला तर २.५ पर्यंत, तिसरा १० पर्यंत, चौथा २० पर्यंत आणि पाचवा लाल २० च्या वर. घरातल्या उपकरणांभोवतीचं क्षेत्र बघायला हा मीटर बनला. भुतांच्या टीव्ही कार्यक्रमांनी त्याला दुसरीच नोकरी लावली. लाल दिवा दिसला की छातीत धस्स होतं खरं, पण आकडा नीट समजून घ्या. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० साली सर्वसामान्य माणसांसाठी ५० हर्ट्झला जी सुरक्षित पातळी दिली ती २०० मायक्रोटेस्ला, म्हणजे २,००० मिलिगॉस. तुमच्या हातातला लाल दिवा तिच्या शंभराव्या हिश्श्यालाच पेटतो. ओट्यावर मिक्सर चालू करून मीटर शेजारी धरा, पाचही दिवे लागतील.

आपल्या भागात हा मीटर दिवे लावायला निमित्तच शोधत असतो. कळवा-ऐरोली पट्ट्यात डोक्यावरून उच्च दाबाच्या वाहिन्या जातात. लोकलच्या तारांत आता २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह आहे, तोही ५० हर्ट्झचाच. रुळांलगतच्या इमारतीत गाडी सुटताना दिवे चढतात आणि गाडी गेली की उतरतात. कुणाला ते ‘येणं-जाणं’ वाटतं. वेळापत्रक हाताशी ठेवून पंधरा मिनिटं नोंद केली तर गाडीच्या वेळा आणि दिव्यांच्या वेळा जुळतात. सोसायटीची डीपी, लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर ही नेहमीची गिऱ्हाइकं. चुंबकीय क्षेत्र विटांच्या भिंतीतून आरपार जातं, त्यामुळे तुमच्या बेडरूमच्या कोपऱ्यातला ‘जागृत’ भाग म्हणजे पलीकडच्या डक्टमधून वर चढलेली केबल असू शकते.

एक कारण मात्र अनेक वायरमनच्याही लक्षात येत नाही: जिन्यातला टू-वे स्विच. नौपाडा, चरई, उथळसरकडच्या जुन्या इमारतींत खालून लावायचा आणि वरून बंद करायचा दिवा असतो. फेज एका पाइपातून वर गेलेला असतो आणि न्यूट्रल दुसऱ्याच मार्गाने परत आलेला असतो. फेज-न्यूट्रल शेजारी-शेजारी असले की दोघांची क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ मारून टाकतात. लांब-लांब गेले की तसं होत नाही, आणि क्षेत्र अख्ख्या जिन्यात पसरतं. मग जिन्याचा दिवा लावला की मधल्या माळ्यावर मीटर चढतो, तिथे ना पंखा ना फ्रिज. ‘याच पायरीवर का?’ या प्रश्नाचं उत्तर भिंतीच्या आत सापडतं, आणि वायरिंग बदलताना दोन्ही तारा एकाच पाइपात घेतल्या की पायरी शांत होते.

मीटर लावायची रीत अशी. नवी बॅटरी घाला; बॅटरी उतरली की दिवे उगाच थरथरतात. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि तरीही दोन मीटर लांब ठेवा, कारण रेंज शोधणारा फोन थोड्या-थोड्या वेळाने झटके सोडतो आणि मीटरला ते कळतात. किल्ल्यावर किंवा तळघरात रेंज कमी, म्हणून फोन जास्त जोर लावतो, आणि नेमके तिथेच दिवे जास्त नाचतात. सोबतच्यांचे फोन, स्मार्टवॉच, वॉकीटॉकीसुद्धा यात आले. कॉइल एकाच दिशेचं क्षेत्र धरते. तेव्हा एका जागी मीटर उभा, आडवा आणि बाजूवर असा तीनदा धरून सगळ्यात मोठं वाचन लिहा. झटक्याने फिरवू नका, पृथ्वीच्या क्षेत्रातून कॉइल जोरात हलली तरी दिवा उडतो. काही मॉडेलमध्ये बटण अंगठ्याने दाबून धरावं लागतं. अंगठा सैल पडला की दिवे लुकलुकतात आणि बघणाऱ्याला वाटतं प्रश्नाचं उत्तर आलं. मग मुख्य एमसीबी (मीटरपेटीतला खटका) खाली करा. दिवे उतरले तर कारण तुमच्या घरात. तसेच राहिले तर शेजारी, डक्ट किंवा रस्ता. घरातलं असेल तर एकेक एमसीबी वर करत जा. कुठल्या लाइनवर दिवे चढतात ते दहा मिनिटांत कळतं.

विक्रेत्यांचा आणि काही विवेकवादी मंडळींचाही एक आवडता दावा आहे: ‘जास्त क्षेत्र असलं की माणसाला भास होतात.’ लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या ख्रिस फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी यासाठी मुद्दाम एक खोली बांधली. विद्युतचुंबकीय क्षेत्र, कानाला ऐकू न येणारा खोल आवाज, दोन्ही किंवा काहीच नाही, अशा स्थितीत ७९ जणांना आत फिरवलं. २००९ साली निष्कर्ष छापून आले. विचित्र अनुभव पुष्कळांनी लिहिले, पण क्षेत्र चालू होतं की बंद याच्याशी त्यांचा मेळ बसला नाही. ‘इथे काहीतरी वाटेल’ ही आधीची सूचनाच पुरेशी ठरत असावी. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आणि एडिंबराच्या जमिनीखालच्या दालनांत केलेला अभ्यास २००३ चा. ज्या जागा बदनाम होत्या तिथेच लोकांना जास्त जाणवलं, ज्यांना त्या जागेची ख्याती माहीत नव्हती त्यांनाही. उजेड, खोलीचा आकार, क्षेत्रातला चढउतार अशा गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. अंधारी, उंच, कोंदट खोली अंगावर येते, यात लाजण्यासारखं काही नाही. तिथे मीटर हातात देऊन ‘आता दिवा पेटेल बघा’ म्हणणं हीच एक सूचना असते.

इथे कायद्याचं एक बोलायलाच हवं. घरी येऊन मीटर फिरवायचा, लाल दिवा दाखवायचा आणि मग शांतीचे, बंदोबस्ताचे पैसे सांगायचे, हा प्रकार चालतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि वर्ष संपता-संपता कायदा झाला. आपण बोलताना त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. भुताची गोष्ट सांगायला त्यात बंदी नाही. भुताचं आवाहन करून किंवा तशी धमकी देऊन घबराट पसरवणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, भूतबाधा म्हणून दवाखान्यापासून अडवणं हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. घरात कुणी तसं करू पाहत असेल तर जवळचं पोलीस ठाणं गाठा.

आता स्पिरिट बॉक्स. हा एक साधा रेडिओ आहे, फक्त एका स्टेशनवर थांबत नाही. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, ०.१ ची पायरी, म्हणजे दोनशे पायऱ्या. प्रत्येक पायरीवर २०० मिलिसेकंद थांबला तर एक फेरी चाळीस सेकंदांची. आपल्याकडे ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३, १००.७, १०७.१ अशी जोरदार स्टेशनं भरलेली आहेत आणि प्रत्येक स्टेशन आजूबाजूच्या एक-दोन पायऱ्यांवरही सांडतं. त्यामुळे दर फेरीला निवेदकाच्या बोलण्यातला एखादा शब्दाचा तुकडा, गाण्यातला एखादा स्वर, जाहिरातीतलं एखादं नाव हमखास येतं. तुकडे मराठी-हिंदीच असतात, म्हणून ‘हो’, ‘जा’, ‘नको’, ‘कौन’ असले छोटे शब्द सतत पडतात. प्रश्न आधी विचारलेला असतो; मेंदू उरलेलं जुळवून घेतो.

खात्री करायची असेल तर घरच्या घरी दोन चाचण्या होतात. पहिली: अँटेना दुमडा, बॉक्स चालू करा, शेजारी रेकॉर्डर ठेवा आणि दोन्ही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या पिठाच्या डब्यात घालून झाकण लावा. दहा मिनिटांनी रेकॉर्डिंग ऐका. स्टेशनं विझलेली असतात, खरखर उरते आणि ‘उत्तरं’ही थांबलेली असतात. झाकण सैल असेल तर एखादं जवळचं स्टेशन आत घुसतं, तेव्हा कड नीट दाबा. दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची: पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग तीन जणांना वेगवेगळ्या खोल्यांत ऐकवा, कुठले प्रश्न विचारले होते ते सांगू नका, आणि ऐकू आलेले शब्द वेळेसकट लिहायला सांगा. मग कागद शेजारी-शेजारी ठेवा. स्टेशनवरचे स्पष्ट शब्द तिघांचे जुळतात. ‘आत्म्याचे’ शब्द जुळत नाहीत. भुतांच्या सहलींवर हा बॉक्स वाजवणारे वाटाडे प्रश्न मोठ्याने विचारतात आणि काय ऐकू आलं तेही लगेच सांगून टाकतात. एकदा सांगितलं की सगळ्यांना तेच ऐकू येतं.

थर्मामीटर हजार-दीड हजारांत वेगळाही मिळतो. त्याच्यावर १२:१ असं लिहिलेलं असतं: बारा फुटांवरून तो एक फुटाच्या गोलाचं सरासरी तापमान सांगतो. लाल लेझर ठिपका फक्त नेम धरायला आहे, मोजमाप ठिपक्याचं होत नाही. आणि हवेचं तर मुळीच होत नाही. समोरच्या पृष्ठभागाचं होतं. म्हणजे ‘खोलीच्या मधोमध गार झोत सापडला’ असं या यंत्राने सिद्ध करता येत नाही, त्यासाठी तारेला टोकाशी प्रोब असलेला थर्मामीटर हवा. छप्पर नसलेल्या बुरुजात नेम जरा वर गेला तर यंत्र आकाश वाचतं आणि हिवाळ्याच्या निरभ्र रात्री आकडा पार शून्याखाली उतरतो. ओल धरलेली, शेवाळलेली भिंत बाष्पीभवनाने कोरड्या भिंतीपेक्षा गार असतेच. लिफ्टच्या चकचकीत स्टीलच्या दारावर धरलात तर दाराऐवजी तुमच्याच अंगाची उष्णता परत वाचली जाते, कारण यंत्र ०.९५ उत्सर्जकता (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती बाहेर टाकतो त्याचं प्रमाण) धरून चालतं आणि चकचकीत धातूची त्याहून खूपच कमी असते. एसी गाडीतून उतरल्या-उतरल्या वापरू नका, वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. एवढं पाळलं तर ही पेटीतली सगळ्यात गुणी वस्तू आहे. पावसाळ्यात भिंतीतली गळती कुठून उतरते ते ती दाखवते, आणि गीझरचा प्लग किंवा एमसीबी शेजारच्यापेक्षा पंधरा-वीस अंश तापलेला दिसला तर वायरमनला बोलवा. अशा जोडांतून आग लागते.

चेंडूंबद्दल फार लिहायला नको. आत एक स्प्रिंग असते, ती हलली की दिवे लागतात. घोडबंदर रोडवरून रात्री कंटेनरचे ट्रेलर जातात, त्यांच्या हादऱ्याने लगतच्या इमारतीतल्या काचा वाजतात तिथे चेंडूचं काय. जमिनीवर ठेवण्याऐवजी जाड फोमवर ठेवला आणि तरी लागला तर पुढचं कारण शोधा.

रेकॉर्डर हातात धरू नका. बोटांचा, कपड्याचा आवाज कुजबुजीसारखा येतो. दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा आणि प्रत्येक ओळखीचा आवाज तिथल्या तिथे मोठ्याने नोंदवा: ‘हा माझा खोकला’, ‘हा दाराचा’. शांतता असली की यंत्र आपोआप आवाज वाढवतं, त्यामुळे तीन घरं सोडून चाललेला टीव्ही खोलीतल्यासारखा ऐकू येतो. सेटिंगमध्ये ऑटो गेन बंद करायची सोय असेल तरच पैसे मोजा.

पेटीत नसलेली, पण सोसायट्यांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त फिरणारी ‘पुरावा’ वस्तू म्हणजे सीसीटीव्ही. रात्री कॅमेऱ्याचे अदृश्य दिवे लागतात, त्यांच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, भिंगासमोर कोळी जाळं विणतो. भिंगापासून दोन इंचांवरचा धागा पडद्यावर पांढरा तरंगता पदर होतो. कमी उजेडात शटर संथ चालतं, म्हणून वॉचमन चालत गेला तरी त्याच्या अंगातून मागची भिंत दिसते. कॅमेऱ्याचा घुमट मायक्रोफायबरच्या कापडाने पुसा, जाळं काढा, इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन फूट लांब वेगळा बसवा. फोनच्या फ्लॅशमध्ये दिसणारे गोळे हीच गोष्ट: धूळ किंवा पावसाचे बारीक थेंब. जुलैत ठाण्यात एकही गोळा न येणारा फ्लॅश फोटो काढून दाखवणं कठीण.

आणि वरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये रात्री गोट्या पडल्याचा आवाज. ही तक्रार इतक्या इमारतींत ऐकू येते की तिला किटची नाही, प्लंबरची गरज आहे. फ्लशचा बॉलकॉक किंवा नळ झटक्यात बंद झाला की पाइपातलं पाणी थडकतं. पाइपाची क्लॅम्प सुटलेली असेल तर पाइप स्लॅबवर आपटतो, एकदा जोरात आणि मग कमी-कमी होत, अगदी गोटी उडत गेल्यासारखा. शेजाऱ्यांना सांगून दोन रात्री त्या लाइनचा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बारा ते पाच बंद ठेवा. आवाज थांबला तर क्लॅम्प कसून घ्या, रबर घाला. व्हॉल्व्ह बंद असतानाही आला तर शेजारच्या लाइनवर तीच चाचणी करा.

जाग आली, डोळे उघडे, पण अंग हलत नाही आणि छातीवर कुणीतरी बसलंय: हे बऱ्याच जणांना कधी ना कधी होतं. स्वप्नाच्या झोपेत मेंदू स्नायू सैल करून ठेवतो आणि जाग त्याच्या आधी येते. शिफ्टची नोकरी, अपुरी झोप, उताणं झोपणं यांनी वाढतं. वारंवार होत असेल तर डॉक्टरकडे जा. मीटर उशाशी ठेवून यातलं काहीही कळणार नाही.

किटच्या पैशातून एकच वस्तू घ्यायची असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, हे कळकळीने सांगतो. १९२१ मध्ये विल्यम विल्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली: पावलांचे आवाज, आकृत्या, कायमची मरगळ, घरातली झाडं सुकणारी. शेवटी बिघडलेल्या भट्टीचा धूर घरात शिरत असल्याचं निघालं. आपल्याकडे भट्ट्या नाहीत, पण बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे, पावसात लावून घेतलेल्या खिडक्या आहेत, तळघरात जनरेटर आहे. डोकं जड होणं, मळमळ, गोंधळणं, ‘न्हाणीघरात कुणीतरी आहे’ असं वाटणं हे त्या वायूचं काम असू शकतं, आणि त्याला रंग-वास काही नाही. अलार्म ईएन ५०२९१ मानकाचा घ्या: तो ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत पन्नास भाग) साठ ते नव्वद मिनिटांत वाजतो, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत. वाफेमुळे न्हाणीघरात लावू नका. दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये डोक्याच्या उंचीवर लावा. गीझर मात्र न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत बसवणं हाच खरा उपाय.

ज्यांना किट घेऊन फिरायलाच जायचं आहे त्यांच्यासाठी जागांबद्दल. जगभर छोट्या ऐतिहासिक गावांनी भुतांच्या फेऱ्यांवर पर्यटन उभं केलं आहे. इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये अशी फेरी १९७३ पासून निघते. राजस्थानात भानगडच्या वेशीवर पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, सूर्यास्तानंतर आत थांबायला मनाई करणारी. भुताचा त्यात उल्लेख नाही, तरी पाटीच जाहिरात झाली. पुण्यात शनिवारवाड्याला नारायणरावांच्या हाकेची कथा चिकटली आहे. खून ३० ऑगस्ट १७७३ चा, आणि तो दरबारी कट समजून घेतला तर हाकेपेक्षा जास्त अंगावर काटा येतो. ठाण्यालाही तसा इतिहास आहे, फक्त भुतांच्या फेऱ्या काढणारे तो सांगत नाहीत.

ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. १८१६ च्या सप्टेंबरात पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून इथून निसटले. घोड्याला फिरवणारा मोतद्दार खिडकीखालून मराठी गाण्यातून बेत कळवत होता आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना ते समजत नव्हतं, अशी हकिगत आहे. २ मे १८४८ ला इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे यांना इथे फाशी झाली. १९ एप्रिल १९१० ला नाशिकच्या जॅक्सन वधाच्या खटल्यातले क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना. या माणसांना ‘जेलचा भटकता आत्मा’ करून तिकिटावर विकणाऱ्या फेरीला जाऊ नका. शिवाय ते चालू कारागृह आहे. भिंतीबाहेर रात्री कॅमेरे आणि मीटर घेऊन घुटमळलात तर पोलीस हटकणारच.

घोडबंदर आणि बेलापूर हे दोन्ही किल्ले उजेडात बघा. बेलापूरचा किल्ला १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला, आता तटाचे आणि बुरुजाचे अवशेष आहेत. तिथून घारापुरीपर्यंत भुयार असल्याची आख्यायिका ऐकायला मिळेल. मावळतीनंतर तिथला धोका सुटे दगड, गवतातले साप आणि कठडा नसलेली कड यांचा आहे. येऊर तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, बिबट्याचं घर. तिथल्या आदिवासी पाड्यांवर वाघोबाला नारळ फोडतात ते जंगलात कसं वागायचं याचं भान राखूनच. तिथे कुणी चकव्याची गोष्ट सांगितली तर हसू नका. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना अनोळखी जंगलात सरळ चालायला सांगितलं. ढगाळ दिवशी, सूर्य दिसत नसताना, ती माणसं गोल फिरून स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडत होती. चकवा लागतो. उपाय म्हणजे थांबणं, आणि उजाडेपर्यंत एका जागी बसणं. हे गावचे म्हातारे सांगतात तेच. खाडीतल्या गिऱ्ह्याचंही (पाण्यात ओढणाऱ्या भुताचंही) तसंच: भरतीच्या वेळी चिखलात पाय रुतलेल्या माणसाला कुणीतरी खाली ओढतंय असंच वाटतं. भुतांची फेरी काढणारा ठाण्याच्या खाडीकाठी नेणार असेल तर त्या रात्रीची भरतीची वेळ त्याला विचारा. सांगता आली नाही तर पैसे परत मागा.

एक विनंती आहे. ‘ठाण्यातल्या झपाटलेल्या जागा’ अशा याद्यांत राहत्या सोसायट्यांची नावं असतात. तिथे जाऊ नका, शूटिंग करू नका. त्या गेटवर रात्रपाळी करणाऱ्या वॉचमनला प्रत्येक गटाला तोंड द्यावं लागतं, आणि आत कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं.

किट आधीच मागवून बसला असाल तर परतीची मुदत संपण्यापूर्वी एवढं बघा. मीटर मिक्सरजवळ पाचही दिवे लावतो आणि मोकळ्या मैदानात, फोन लांब ठेवून, एकावर येतो का. थर्मामीटर बर्फाच्या पाण्याच्या पातेल्यावर, ढवळून, शून्याच्या आसपास दाखवतो का. दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर परत करा. रेकॉर्डरची फाइल संगणकावर उघडते का. आणि पेटी बंद करण्याआधी सगळ्या बॅटऱ्या काढून ठेवा, आपल्या दमट हवेत त्या दोन पावसाळ्यांत गळतात आणि मीटरचे पत्रे हिरवे पडतात.